फर्निचरची फॅक्टरी दिवाळ्यात गेली, नोकरी गेली: इंदूरकरांनो, पहिल्या दिवसापासून काय काय करायचं

सांवेर रोडवरच्या ज्या फर्निचर फॅक्टरीत मी अकरा वर्षं स्टोअर आणि डिस्पॅच बघत होतो, तिच्या गेटवर २०२३ च्या दिवाळीनंतरच्या एका सोमवारी सकाळी एक कागद चिकटवलेला होता. चिकटवायला आमच्याच स्टोअरमधलं फेविकॉल वापरलेलं, कारण नंतर आम्ही तो काढायला गेलो तर पत्र्याचा रंग निघाला पण कागद काही निघाला नाही. हिंदीत चार ओळी, "आर्थिक कारणों से उत्पादन अगली सूचना तक बंद", खाली सही नाही, शिक्का नाही, तारीखसुद्धा पेनाने नंतर टाकलेली. आम्ही शंभरेक जण डबे हातात घेऊन उभे, आणि एकजण म्हणाला पण, चलो भिया आज तो छुट्टी, पोहे खाऊन घरी जाऊ. गेले पण बरेच जण. मी पण गेलो. तिथेच पहिली चूक झाली, ती पुढे सांगतो.

हे सगळं लिहितोय कारण गेल्या दोन महिन्यांत तिघांनी फोन करून तेच तेच विचारलं, एक पालद्याचा सोफ्यावाला, एक राऊकडचा मॉड्युलर किचनवाला आणि एक आमच्या रामबागेतल्याच वहिनी, ज्यांचे मिस्टर पॉलिश लाइनला होते. तिघांच्याही डोक्यात एकच, मालक चांगला माणूस आहे, काहीतरी करेल. असेलही चांगला, पण कंपनी एकदा दिवाळखोरीत गेली की मालकाच्या हातात काही राहतच नाही हो, मग तुमचा पैसा तुम्ही कागदावर मागितला तरच मिळतो आणि तो मागायला तारीख असते. उशीर किती होतो बघा, इंदूरचीच हुकुमचंद कापड मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचा २२४ कोटींचा चेक लिक्विडेटरकडे, म्हणजे कंपनी मोडीत काढून पैसे वाटायला कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे, आला २५ डिसेंबर २०२३ ला, म्हणजे आमच्या गेटला कुलूप लागलं त्याच हिवाळ्यात. आमच्या शेजारच्या काकूंना काकांच्या नावचे पैसे मिळाले तेव्हा काका जाऊन किती वर्षं झाली होती. आता कायदा वेगळा आहे, तेवढी वर्षं लागू नयेत अशी सोय आहे, पण ती सोय आपोआप घरी चालत येत नाही.

आधी हे बघा की कंपनी कागदावर काय आहे

पगाराच्या स्लिपवर नावापुढे प्रा. लि., लिमिटेड किंवा एलएलपी आहे का बघा. असेल तर २०१६ चा दिवाळखोरीचा कायदा, ज्याला सगळे आयबीसी म्हणतात, तो लागतो आणि प्रकरण एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या खास कोर्टात जातं. मध्य प्रदेशासाठी एनसीएलटीचं इंदूर बेंच आहे, पण लक्षात ठेवा की बेंच फॅक्टरी कुठे आहे यावर नाही, कंपनीचं रजिस्टर्ड ऑफिस कुठे आहे यावर ठरतं, फॅक्टरी सांवेर रोडला आणि रजिस्टर्ड ऑफिस मुंबईत असेल तर केस मुंबईला चालणार. कंपनी कामकाज मंत्रालयाच्या साइटवर नाव टाकलं की पत्ता दिसतो.

आणि नुसतं "अमुक फर्निचर" किंवा "तमुक इंटेरियर्स" असेल, म्हणजे मालकाचं एकट्याचं किंवा भागीदारीचं दुकान, आपल्याकडे बहुतेक वर्कशॉप अशीच आहेत, तर एनसीएलटी विसरा. तुमचा रस्ता सरळ लेबर ऑफिस. राज्याच्या लेबर कमिशनरचं मुख्य कार्यालयच इंदुरात आहे, तेवढं तरी आपलं नशीब.

दुसरी गोष्ट, कुलूप लागणं आणि दिवाळं निघणं एक नाही. कधी नुसतं काम थांबवलेलं असतं, कधी कंपनी कायमची बंद केलेली असते, कधी बँकेने किंवा एखाद्या प्लायच्या सप्लायरने एनसीएलटीत अर्ज लावलेला असतो आणि आतल्या माणसांना पत्तासुद्धा नसतो. एनसीएलटीच्या साइटवर कंपनीच्या नावाने केस शोधता येते, दहा मिनिटांचं काम आहे, आम्ही केलंच नाही, आमच्या कंपनीवर अर्ज पाच महिन्यांपासून पडून होता.

पहिले तीन दिवस

गेटवरच्या कागदाचा फोटो काढा, तारीख आणि गेट दोन्ही दिसेल असा. रोज हजेरीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहा आणि सेल्फी काढा, ऐकायला येडपट वाटेल, पण नंतर कंपनीने म्हटलं ना की हे लोक स्वतःच यायचे बंद झाले, तेव्हा हाच फोटो कामाला येतो. मी पोहे खाऊन घरी गेलो आणि आठ दिवस फिरकलो नाही, आणि नंतर मला "गैरहजर" दाखवलेलं निघालं.

कागद गोळा करा. अपॉइंटमेंट लेटर, मिळतील तेवढ्या पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट ज्यात पगाराची एंट्री आहे, गेटपास, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, फॉर्म १६, बोनसचं व्हाउचर, सुपरवायझरने व्हॉट्सॲपवर पाठवलेली शिफ्टची यादीसुद्धा. कंपनीचा मेल आयडी असेल तर आजच उघडून स्वतःशी संबंधित पत्रं उतरवून घ्या, सर्व्हरचं बिल भरलं गेलं नाही की तो मेल बंद होतो आणि मग काही हाती लागत नाही. कंपनीचे डिझाइन, ग्राहकांच्या याद्या वगैरे घेऊ नका, ती चोरी होते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, राजीनाम्यावर सही करायची नाही. एचआरवाला खूप गोड बोलतो, म्हणतो राजीनामा लिहून द्या म्हणजे फुल अँड फायनल लवकर करतो, अनुभवाचं सर्टिफिकेट पण देतो. राजीनामा दिला की तुम्ही स्वतः सोडलं असं होतं, मग छाटणीची भरपाई गेली, ईएसआयचा बेकारी भत्ता गेला, नोटिशीचा पगार गेला. कोऱ्या व्हाउचरवर, "सर्व रक्कम मिळाली" असं छापलेल्या कागदावर सही करायची नाही. पैसे खरंच देत असतील तर रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहून, खाली "बाकी रकमेवरचा हक्क राखून" असं स्वतःच्या हाताने लिहून मग सही. हे वाक्य आम्हाला नंदानगरच्या एका जुन्या मिल कामगाराने शिकवलं.

आत राहिलेली हत्यारं

फर्निचरच्या कामात हा त्रास मोठा आहे आणि यावर कोणी लिहीत नाही. आमच्याकडे एक मिस्त्री होते, त्यांची पेटी आत राहिली, रंधा, चार पटाश्या, जपानी करवत, वडिलांच्या वेळचं गुण्या, सगळं स्वतःचं. कंपनी दिवाळखोरीत गेली की कोर्टाने नेमलेला माणूस आतल्या एकेका वस्तूची यादी करतो आणि तुमची पेटी कंपनीची समजून यादीत जाऊ शकते. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू कंपनीच्या मालमत्तेत धरता येत नाही, पण ती तुमची आहे हे सांगायला तुम्हीच हवे. म्हणून लगेच लेखी अर्ज द्या, हत्यारांची यादी, ती कुठल्या बेंचखाली आहेत ते, जुना फोटो असेल तर तो, दोन सहकाऱ्यांच्या सह्या. भिंतीवरून उडी मारून आणायला जाऊ नका, एका पोराने मारली, त्याच्यावर चोरीची तक्रार झाली आणि ती निस्तरायला त्या हत्यारांच्या किमतीपेक्षा जास्त खर्च आला. मिस्त्रींची पेटी रीतसर अर्ज करून सुटली, पण चार महिन्यांनी, आणि पटाश्यांवर गंज चढलेला.

किती पैसे निघतात, एकदा बसून हिशोब करा

आमच्या वेळी जुने कायदे होते, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवे लेबर कोड लागू झाले आहेत, पण मुख्य आकडे बरेचसे तेच आहेत. वहीत एका पानावर हे लिहा.

थकलेला पगार आणि ओव्हरटाइम. नव्या वेज कोडप्रमाणे बंदीमुळे नोकरी गेली तर हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. मिळणार नाही, पण दावा करताना लिहायला हे हवं. तक्रार करायला तीन वर्षांची मुदत आहे.

नोटीस आणि भरपाई. वर्षभर सलग काम झालेल्या कामगाराला छाटणीत एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, शेवटचं वर्ष सहा महिन्यांच्या वर झालं असेल तर तेही पूर्ण धरतात. कंपनी कायमची बंद करायची तर ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे सरकारला ६० दिवस आधी कळवावं लागतं, ३०० किंवा जास्त असतील तर परवानगीच घ्यावी लागते. आणि इथे एक गंमत ऐका. कायद्यात अशी पळवाट आहे की बंदी मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने झाली तर भरपाई तीन महिन्यांच्या पगारापुरतीच द्यावी लागते, म्हणून प्रत्येक नोटिशीत "हाताबाहेरची परिस्थिती" असं लिहिलेलं सापडतं. पण त्याच कायद्यात पुढे स्पष्ट लिहिलंय की नुसती आर्थिक अडचण, तोटा किंवा न विकलेला माल साठणं हे हाताबाहेरचं कारण धरलं जाणार नाही. गोदामात तीनशे पलंग पडून आहेत म्हणून तुमची भरपाई कापता येत नाही.

ग्रॅच्युइटी. पाच वर्षं झाली असतील तर, आणि ठराविक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या कोडप्रमाणे एका वर्षानंतरच. हिशोब असा, शेवटचा बेसिक अधिक डीए म्हणजे महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. समजा १५,६०० आहे आणि नोकरी ९ वर्षं ७ महिने, तर ९,००० गुणिले १०, म्हणजे ९०,०००. बेसिक मुद्दाम अगदी कमी ठेवून बाकी सगळं भत्त्यात दाखवायची खोड फर्निचरवाल्यांना फार आहे, नव्या कोडमध्ये भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग पगारातच धरायचा आहे, तेव्हा स्लिपवरचा बेसिक डोळे झाकून घेऊ नका.

शिवाय शिल्लक सुट्ट्या, राहिलेला बोनस, आणि छाटणी झालेल्या कामगारासाठी नव्या कोडमधला रिस्किलिंग म्हणजे नवं काम शिकण्यासाठीच्या फंडाचा १५ दिवसांचा पगार, तो वेगळा. भरपाईवर ५ लाखांपर्यंत आणि ग्रॅच्युइटीवर २० लाखांपर्यंत इन्कम टॅक्स नाही.

ईएसआय: दवाखाना लगेच बंद होत नाही

नोकरी गेली की कार्ड फेकून देणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. पगार २१,००० पर्यंत असेल तर तुमचे पैसे कापले जात होते आणि त्या कापल्याचा फायदा पुढच्या सहामाहीत मिळतो. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्याचा फायदा पुढच्या जानेवारी ते जून, ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबर. म्हणजे नोव्हेंबरात नोकरी गेली तरी नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलचं दार तुमच्यासाठी बरेच महिने उघडं असतं. बायकोचं ऑपरेशन, आईची शुगर, जे अडलंय ते याच काळात करून घ्या. कंपनीची ग्रुप मेडिक्लेम असेल ती मात्र प्रीमियम थांबला की संपते, ती वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळते का ते इन्शुरन्स कंपनीला लगेच विचारा.

बेकारी भत्ता दोन योजनांत आहे. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, फॅक्टरी बंद पडली किंवा छाटणी झाली आणि ठरलेली किमान वर्षं वर्गणी भरली असेल तर पहिले १२ महिने पगाराच्या निम्मे आणि पुढचे १२ महिने पाव. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, आयुष्यात एकदा, ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या निम्मे, हिची मुदत वाढवत वाढवत आणतात म्हणून अर्ज करायच्या वेळी चालू आहे का ते ब्रांच ऑफिसात विचारा. पहिली मिळत असेल तर तीच घ्या, तिच्यात पैसे कितीतरी जास्त. अडचण कुठे येते सांगतो, कंपनीचा क्लार्क पोर्टलवर तुमच्या नावापुढे "नोकरी सोडली" असं टाकतो, खरं तर "छाटणी" टाकायला हवं असतं, आणि मग ब्रांचवाला हात वर करतो. आमच्या अर्ध्या लोकांचं असंच झालं. तो क्लार्क स्वतःही बेकारच होता, त्याला घरी गाठून, चहा पाजून, बदलाचा मेल करवून घेतला.

पीएफ: घाई करू नका, पण पासबुक आजच बघा

युएएनने, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबराने, पासबुक उघडा आणि शेवटची एंट्री कुठल्या महिन्याची आहे ते बघा. कंपनी बुडायच्या आधी सर्वात आधी थांबतं ते पीएफ भरणं. आमच्या पगारातून सात महिने कापले आणि भरले नाहीत. कापून न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे, म्हणून स्लिपवर कपात आणि पासबुकात शून्य, अशी जोडी करून ईपीएफओच्या म्हणजे पीएफ खात्याच्या तक्रार पोर्टलवर टाका आणि इंदूरच्या ऑफिसात एक प्रत देऊन पोच घ्या. या तक्रारीवरून ते वसुली काढतात आणि एनसीएलटीतही स्वतःचा दावा लावतात.

नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नसेल तर दोन महिन्यांनी पोर्टलवर आपली आपण टाकता येते, त्यासाठी कुणा एजंटला हजार रुपये द्यायची गरज नाही. पैसे काढायचे नियम २०२५ च्या ऑक्टोबरात बदलायचं ठरलं, ७५ टक्के लगेच आणि उरलेले २५ टक्के १२ महिने बेकार राहिल्यावर, तर क्लेम टाकण्यापूर्वी पोर्टलवर त्या दिवशी काय दाखवतंय ते बघून घ्या. नोकरी पाच वर्षांच्या आत असेल आणि ५०,००० च्या वर काढत असाल तर एरवी टीडीएस कापतात, पण मालकाचा धंदाच बंद झाल्यामुळे नोकरी गेली असेल तर कर लागत नाही, कारणाच्या जागी तेच यायला हवं. पेन्शनचा भाग मात्र उचलू नका, दहा वर्षं पूर्ण होत आली असतील तर अजिबात नाही, स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे आतापर्यंतची पेन्शनची वर्षं नोंदलेला कागद, घ्या आणि नव्या नोकरीत जोडा. आमच्यातल्या एकाने ९ वर्षं २ महिन्यांवर पेन्शनचे पैसे उचलून बाइक घेतली, आता रोज हळहळतो.

एनसीएलटीत केस दाखल झाली की खरी धावपळ

कोर्टाने अर्ज मंजूर केला की एक माणूस नेमला जातो, आधी त्याला आयआरपी म्हणतात, नंतर आरपी, बहुतेक सीए, सीएस किंवा वकील असतो. डायरेक्टर बोर्ड बाजूला, सगळा कारभार याच्याकडे. कंपनीवर मोरेटोरियम लागतो, म्हणजे कंपनीविरुद्ध नवी वसुली, दावे, जप्ती सगळं थांबतं, लेबर ऑफिसने काढलेली वसुलीसुद्धा अडकते. म्हणून आता मालकाला फोन करून, त्याच्या विजयनगरच्या घरासमोर बसून काही होत नाही. आमचे लोक तीन आठवडे बसले, आणि त्या तीन आठवड्यांत दाव्याची तारीख गेली.

हा माणूस नेमल्यापासून तीन दिवसांत पेपरात जाहिरात द्यावी लागते, एक इंग्रजी आणि एक स्थानिक भाषेतला पेपर, म्हणजे इंदुरात हिंदी. बारीक अक्षरात, टेंडरांच्या मधोमध, कोणाला दिसत नाही. त्यापेक्षा आयबीबीआय या दिवाळखोरी बोर्डाच्या साइटवर जा, तिथे सगळ्या जाहिराती नावाने शोधता येतात. जाहिरातीत आरपीचं नाव, मेल, पत्ता आणि शेवटची तारीख असते, नेमणुकीपासून १४ दिवस. ती चुकली तर केस सुरू झाल्यापासून ९० दिवसांपर्यंत उशिराचं कारण लिहून देता येतो, पण तिथपर्यंत नेऊच नका.

कामगाराचा किंवा स्टाफचा एकट्याचा दावा फॉर्म डी मध्ये, आणि सगळ्यांचा मिळून एका प्रतिनिधीने द्यायचा तर फॉर्म ई. नंतर कंपनी विक्रीला म्हणजे लिक्विडेशनला गेली तर पुन्हा नव्याने फॉर्म मागवतात आणि तेव्हा अक्षरं सरकतात, एकट्याचा ई आणि प्रतिनिधीचा एफ, म्हणून जाहिरातीत जो लिहिलाय तोच भरा. भरायला काही अवघड नाही, नाव, पत्ता, ओळखपत्र, एकूण रक्कम, ती कशी आली, बँक खातं, खाली सही. रक्कम एकत्र ठोकू नका, थकलेला पगार महिन्यावार, नोटीस, भरपाई, सुट्ट्या, ग्रॅच्युइटी, बोनस वेगवेगळ्या ओळीत, वहीतलं ते पान इथे कामाला येतं. मेलने पाठवा आणि स्पीड पोस्टने पण पाठवा, पावती जपा. फी लागत नाही. कोणी तुमच्याकडून "एनसीएलटी रजिस्ट्रेशन" म्हणून पैसे मागत असेल तर त्याला गेट दाखवा.

मी आणि आमच्या वीसजणांनी रामबागेत माझ्या घरी, गच्चीवर, दोन संध्याकाळी बसून फॉर्म भरले. लॅपटॉप एक, प्रिंटर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचा, मध्ये चहा आणि शेव. पॉलिशवाल्या एका काकांना स्वतःची जॉइनिंग तारीखच आठवेना, शेवटी त्यांच्या मुलीच्या जन्माच्या दाखल्यावरून ठरवली, तिच्या बारशाला कंपनीने स्टूल दिलं होतं म्हणे. मग पीएफ पासबुकात खरी तारीख सापडली, दोन महिन्यांचाच फरक निघाला. ज्यांच्याकडे एकही स्लिप नव्हती त्यांनी बँक स्टेटमेंट आणि पीएफ पासबुक लावलं, तेवढं चाललं, कारण आरपीकडे कंपनीची पगाराची पुस्तकं असतात आणि तो त्यावरून ताडून बघतो.

त्यानंतर तो दाव्यांची यादी करतो. यादीत नाव आणि रक्कम बघा. कमी धरली असेल तर लगेच लेखी हरकत घ्या, न ऐकल्यास एनसीएलटीत अर्ज, आणि लिक्विडेशनमध्ये दावा फेटाळला असेल तर अपिलाला फक्त १४ दिवस. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका, १९८७ च्या कायद्यात औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळायचा हक्क नाव घेऊन लिहिलाय, जिल्हा कोर्टातल्या विधिक सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

कोणीच केस लावली नसेल आणि मालक नुसता कुलूप लावून गायब असेल तर कामगार स्वतःही एनसीएलटीत जाऊ शकतात. थकबाकी कमीत कमी १ कोटी लागते, एकट्याची कधीच होत नाही, पण युनियन सगळ्यांच्या वतीने अर्ज करू शकते असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये कानपूरच्या एका ज्यूट मिलच्या प्रकरणात सांगितलंय.

मग पैसे कोणाला आधी

कंपनी कोणी विकत घेतली तर त्याच्या प्लॅनमध्ये कामगारांना निदान तेवढं द्यावं लागतं जेवढं कंपनी मोडीत काढून मिळालं असतं. आरपीने फॅक्टरी चालू ठेवली आणि तुम्हाला बोलावलं तर जा, हजेरीची नोंद स्वतःकडे ठेवा, कारण त्या काळात खरंच काम केलं असेल तर तो पगार खर्चाच्या पहिल्या रांगेत धरतात, नुसतं घरी बसून नाव पटावर असेल तर नाही. लिक्विडेशनचा आदेश निघाला की तोच सगळ्यांना नोकरीवरून काढल्याची नोटीस समजतात, वेगळं पत्र येत नाही, ती तारीख वहीत लिहून ठेवा.

रांग अशी. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची मागच्या २४ महिन्यांची थकबाकी आणि तारण सोडलेल्या बँका, दोघं एकाच पायरीवर. त्यानंतर कामगार नसलेल्या स्टाफची १२ महिन्यांची थकबाकी. सरकारी कर त्याच्याही खाली. म्हणजे मशीनवरचा ऑपरेटर आणि आत बसणारा अकाउंटंट एका रांगेत नाहीत. इथे हुद्द्याने फसू नका, कार्डावर "सुपरवायझर" आहे पण दिवसभर एज बँडिंग मशीनवर उभे असता, तर काम काय करत होता ते बघतात, कार्डावर काय छापलंय ते नाही. मी स्टोअरवाला कामगार की स्टाफ यावर आरपीशी सहा मेल झाले, शेवटी मी लोडिंगची चलनं दाखवली ज्यावर माल उचलणाऱ्यांत माझीही सही होती.

पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या फंडातले पैसे या रांगेत येतच नाहीत, ते कंपनीच्या मालमत्तेत धरत नाहीत, बँकेला त्यावर हात टाकता येत नाही. पण ग्रॅच्युइटीचा फंड कंपनीने खरंच काढलाय का, एलआयसी वगैरेकडे, हे विचारून घ्या, नसेल काढला तर ती रक्कमही फॉर्ममध्ये मागायलाच हवी.

ठेकेदाराची माणसं

फोम, टॅपेस्ट्री, पॉलिश ही कामं बहुतेक ठेक्यावर असतात आणि यांचे हाल सगळ्यात वाईट. ठेकेदार म्हणतो कंपनीने मला दिले नाहीत. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, म्हणून तक्रार दोघांच्या नावाने टाका आणि गेटपास, डायरीतला पीस रेटचा हिशोब, ऑनलाइन आलेले पैसे, काय असेल ते जोडा. आमच्या कुशनच्या बायका चौकोनी वहीत रोजचे नग मांडायच्या, पेन्सिलीने, खाली ठेकेदाराच्या पोराची सही. त्या वह्यांवर त्यांचे दावे उभे राहिले.

तोवर घर

बँकेला ईएमआय चुकायच्या आधी सांगा, चुकल्यावर नाही. पीएफचे पैसे आले की मेव्हणे, साडू सगळ्यांना धंद्याच्या आयडिया सुचतात, सहा महिने कुणाला आकडा सांगू नका. आणि अनुभवाचं सर्टिफिकेट आरपीकडून लेखी मागून घ्या.

काम शोधताना एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. लिक्विडेटर मशिनरीचा लिलाव करतो तेव्हा मशीन घेणाऱ्याला ती चालवणारा माणूस लागतो, आणि आमचं जर्मन पॅनेल सॉ तर असं नखरेल होतं की दुसऱ्याच्या हातात सरळ कापायचंच नाही. लिलावाच्या आधी खरेदीदार मशीन बघायला येतात, त्या दिवशी गेटवर थांबा, नंबर द्या. ते सॉ पीथमपूरच्या एका पार्टीने नेलं, आठवड्याने त्यांचा फोन आला, आणि आमची तीन पोरं आता तिथेच असतात, पगार आधीपेक्षा बाराशेने जास्त.